पाऊण हर्ट्झ

प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,६७,५०० किलोमीटर असतो, हा शोध आमच्या शाळेत जानेवारीतल्या एका मंगळवारी, पाण्याच्या कूलरशेजारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास लागला. शोध लावणाऱ्या पथकात नववी ‘ब’ची सहा मुलं, एक उडदाचा पापड आणि मी होतो. पापड आज हयात नाही. मुलं दहावीत गेली. मी होतो तिथेच आहे.

नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे जी गावं आहेत त्यांतल्या एका गावात मी २४ वर्षं विज्ञान शिकवतो. त्यातली २३ वर्षं तरंग जसे शिकवायचे असतात तसेच शिकवले. फळ्यावर एक नागमोडी रेघ काढायची, उंचवट्याला शीर्ष म्हणायचं, खोलगट भागाला गर्त म्हणायचं, दोन शीर्षांमध्ये बाण काढून ‘तरंगलांबी’ लिहायचं आणि वर्गाकडे पाठ असतानाच ‘समजलं का?’ असं विचारायचं. ‘होऽऽ’ असा एक ध्वनितरंग पाठीवर येऊन आदळायचा आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. या पद्धतीने कुणाला इजा झाल्याचं ऐकिवात नाही.

पण मागच्या उन्हाळ्यात माझं प्रशिक्षण झालं. ५ दिवस, दोन वेळचा चहा आणि ज्ञानरचनावाद. मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, शिक्षकाने शिकवायचं नाही, फक्त ‘सुलभक’ व्हायचं, हे आम्हाला एका साहेबांनी पाचही दिवस फळ्याकडे तोंड करून शिकवलं. बाकीचे शिक्षक मागे बसून रजेचे अर्ज लिहीत होते. मी मात्र भारावलो. मला भारावायला व्होल्टेज फार कमी लागतं, हा माझा जुना दोष आहे.

सुरुवात दोरीने केली. हा प्रयोग मी थोडक्यात उरकतो, कारण तो तसाच उरकला. एका मुलाने घरून बैलाचा कासरा आणला. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं माझ्या हातात. झटका दिला की दोरीवर एक उंचवटा उठतो आणि गजाकडे धावत जातो. दोरी जागेवर, प्रवास फक्त उंचवट्याचा. तरंगात ऊर्जा पुढे जाते, माध्यम जात नाही, हे यातून दिसावं. पहिला झटका मुलांना दिसला नाही. दुसरा मागच्या बाकांना दिसला नाही. तिसऱ्या झटक्याला गाठ सुटली, ऊर्जा आणि माध्यम दोन्ही मिळून पुढे गेले आणि भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. नववी ‘ब’च्या वर्गात तेव्हापासून अकरा वीस झालेत.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मला पापडाचा प्रयोग समजला.

प्रयोग खरोखर सुंदर आहे, त्याची बदनामी मी होऊ देणार नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन म्हणजे एक धातूचा डबा. आत तरंग सोडले की ते भिंतींवर आपटून परत फिरतात, जाणारे आणि येणारे एकमेकांत मिसळतात आणि एक जागच्या जागी नाचणारा तरंग तयार होतो. तुणतुण्याच्या तारेसारखा. तार छेडली की मध्ये जोरात थरथरते आणि दोन्ही टोकांना गप्प असते. ओव्हनच्या आतही काही जागी जोरदार थरथर आणि काही जागी चिडीचूप. थरथर असते तिथे पदार्थ भाजतो, शांतता असते तिथे कच्चा राहतो. हा पक्षपात लपवण्यासाठीच तर आतली काचेची थाळी फिरत असते. थाळी काढून टाकली, आत कच्चा पापड ठेवला आणि थोडा वेळ ओव्हन चालवला, तर पापड सगळा न भाजता ठिपक्याठिपक्यांनी फुलतो. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. ओव्हनच्या पाठीवर वारंवारिता छापलेली असते, २४५० मेगाहर्ट्झ. अंतर दुप्पट करायचं, वारंवारितेने गुणायचं, की हातात प्रकाशाचा वेग. कारण मायक्रोवेव्ह, प्रकाश, रेडिओ ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. तरंगलांबी वेगळी, चाल एक.

ठिपके सव्वासहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर यायला हवेत. घरचा पापड १५-१६ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे निसर्गाने पापडाचा व्यास ठरवताना नववीच्या विज्ञानाचा विचार केलेला होता, अशी माझी खात्री पटली.

ओव्हन बायकोचा. भिशीच्या पैशातून घेतलेला, वर क्रोशाचं कव्हर असलेला. सकाळी मी तो उचलला तेव्हा ती ओट्याशी होती.

“अहो, ओव्हन कुठे निघाला?”

“शाळेत.”

“का? नाव घातलंत त्याचं?”

“प्रकाशाचा वेग मोजायचाय.”

“घरी मोजता येत नाही? इथला प्रकाश काय हळू चालतो?”

पापडांचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. पापडांचा डबा आधीच माझ्या पिशवीत होता.

स्कूटरवर मागे शिपाईमामा, मामांच्या मांडीवर ओव्हन, ओव्हनच्या पोटात डबा. वाटेत मी मामांना या यंत्राचा इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या एका अमेरिकन कारखान्यात पर्सी स्पेन्सर नावाचा तंत्रज्ञ काम करायचा. १९४५ मध्ये मॅग्नेट्रॉनशेजारी उभा असताना त्याच्या खिशातली गोड वडी वितळली. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन पँट धुतली असती. याने मक्याचे दाणे आणून फोडून पाहिले. १९४७ मध्ये पहिला ओव्हन विक्रीला आला तो माणसाएवढा उंच होता आणि वजन सुमारे ३४० किलो.

“बरं झालं सर,” मामा म्हणाले, “वहिनींनी थांबून घेतला.”

शाळेत पोचल्यावर पहिली अडचण प्लगची. ओव्हनचा प्लग मोठ्या पिनांचा आणि प्रयोगशाळेत सगळी बटणं छोट्या पिनांची. अख्ख्या इमारतीत मोठा सॉकेट एकच, व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरसाठी लावलेला. कूलरच्या डाव्या हाताला कार्यालय, उजव्या हाताला मोठ्या बाईंची केबिन. म्हणून कूलर बंद केला आणि एका स्टुलावर ओव्हनची स्थापना झाली. ही जागा पुढे महत्त्वाची ठरणार आहे. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की थंड पाण्याची गैरसोय होईल.

पहिला पापड ठेवला, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाने दार उघडलं तर पापड एकसारखा, पांढराशुभ्र, कुठेही न करपता भाजलेला. आमच्या घरी इतका चांगला पापड मी कधी पाहिला नव्हता. काचेची थाळी काढायची राहिली होती. पहिलं निरीक्षण मुलांनी वाटून खाल्लं.

दुसऱ्या वेळी थाळी काढली. पण थाळी फिरवणारी खालची खुंटी फिरतच राहते, हे मला ठाऊक नव्हतं. ओव्हनला तरी काय कळतंय वर थाळी आहे की नाही! पापड खुंटीवर बसून गरगरला आणि त्याच्यावर गोल गोल वर्तुळं उमटली. एक मुलगी म्हणाली, “सर, शनीची कडी.” दुसरं निरीक्षणही खाण्यात आलं.

आता खुंटीवर काहीतरी पालथं घालायला हवं होतं. मी पोषण आहाराच्या खोलीतून एक वाटी आणली, आत ठेवली, दार लावलं आणि बोट बटणाकडे नेलं. तेवढ्यात सहाच्या सहा जण एकदम ओरडले, “सर, स्टील!” ओव्हनमध्ये धातू ठेवला की ठिणग्या उडतात हे त्याच वर्गाला मी आदल्या दिवशी शिकवलं होतं. मूल आपलं ज्ञान आपण रचतं म्हणतात ते खोटं नाही. कधी कधी शिक्षकाचंही रचून देतं. शेवटी कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा निघाला. तो खुंटीवर पालथा घातला, त्याच्यावर पापड. खुंटी आतल्या आत फिरत राहिली आणि पापड वर स्थितप्रज्ञ.

आणि जमलं! कच्च्या पिवळट पापडावर चार पांढरे फोड टरारून आले. बाकीचा पापड तसाच. डोळ्यांना न दिसणारा तरंग आपली पावलं उमटवून गेला होता. त्या क्षणी नववी ‘ब’ खरोखर गप्प झाली. २४ वर्षांत मी ती शांतता तीन-चार वेळाच ऐकली असेल.

मग फुटपट्टी लावली. साडेसात सेंटिमीटर. दुप्पट १५. गुणिले २४५० मेगाहर्ट्झ. सेकंदाला ३,६७,५०० किलोमीटर.

“सर,” एक जण म्हणाला, “आइनस्टाइन चुकला का?”

“पापड चुकला,” मी म्हणालो.

दुसऱ्या गटाने पापड बदलला, अंतर मोजलं, ५ सेंटिमीटर आलं. वेग २,४५,००० किलोमीटर. पहिल्या गटाचा प्रकाश खऱ्या प्रकाशाच्या पुढे धावत होता आणि दुसऱ्या गटाचा मागे दम खात बसला होता. यामागे कारण आहे. डब्याला सहा भिंती असतात, तरंग सगळ्यांवर आपटतात, त्यामुळे ठिपके वहीतल्या आकृतीसारखे ओळीने येत नाहीत. शिवाय फोड असतो रुपयाएवढा, त्याचा मध्य कुठे धरायचा यावरच सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. हे सगळं मी मुलांना सांगायला तोंड उघडलं, तोवर एका वेणीवाल्या मुलीने दोन्ही उत्तरांची सरासरी काढून दाखवली. ३,०६,२५०. खरा आकडा २,९९,७९२.४५८. चूक जेमतेम २ टक्के.

दोन धडधडीत चुकांची बेरीज करून दोनाने भागलं की सत्य हाती लागतं, हा निष्कर्ष त्या मुलांनी आयुष्यभरासाठी मनात ठेवला असेल तर त्याला जबाबदार मी आहे.

मी सारवासारव करायला गेलो. म्हटलं, बाळांनो, गंमत अशी आहे की १९८३ पासून प्रकाशाचा वेग कुणी मोजतच नाही. तो आकडा कायमचा ठरवून टाकला आणि मीटरची व्याख्याच त्याच्यावर बांधली. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो तेवढा एक मीटर. म्हणजे प्रकाश आता चुकूच शकत नाही.

“म्हणजे आपली पट्टी चुकली?”

“हो.”

“पट्टी तुमची आहे, सर.”

शास्त्रशुद्ध निष्कर्षासाठी मग आम्ही आणखी पापड लावले. आणखी. आणि आणखी. प्रत्येक गटाला आपला आकडा तीन लाखाच्या जवळ आणायचा होता आणि प्रत्येक गटाला निरीक्षण संपल्यावर निरीक्षण खायचं होतं. पुरावे जपून ठेवा, असं मी तीनदा बजावलं. वैज्ञानिक इतिहासात इतक्या निष्ठेने पुरावा नष्ट करणारं पथक दुसरं नसेल.

याच काळात शेजारच्या कार्यालयात एक वेगळंच नाट्य चाललं होतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. आमचे क्लार्क भाऊसाहेब सकाळपासून संगणकाला चिकटले होते. फॉर्म भरत आणायचा, ‘सबमिट’ दाबायचं आणि नेमकं तेव्हाच नेट जायचं. अर्ध्या मिनिटाने यायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा जायचं. व्हरांड्यातून आम्हाला त्यांचा आवाज येत होता. सर्व्हर बनवणाऱ्याच्या मागच्या सात पिढ्या झाल्या होत्या, पुढच्या सुरू होणार होत्या. मीही आत डोकावून सहानुभूती दाखवून आलो. “शेवटच्या दिवशी लोड येतो हो,” असं म्हणालो.

वेणीवाली मुलगी माझ्या मागे येऊन उभी होती.

“सर, वायफाय किती मेगाहर्ट्झचं असतं?”

“२४०० च्या आसप...” मी म्हणालो आणि वाक्य अर्धवट राहिलं.

वायफाय आणि ओव्हन, दोघांची वारंवारिता एकाच गल्लीतली. राउटर बिचारा एका वॉटच्या दहाव्या भागात कुजबुजत असतो आणि ओव्हनच्या आत ७००-८०० वॉटचा बँड वाजत असतो. ओव्हनमधून जे काही थेंबभर बाहेर झिरपतं, ते माणसाला अपाय करण्याइतकं नसतं, पण कूलरशेजारच्या भिंतीवर टांगलेल्या राउटरला बहिरं करायला पुरतं. ३० सेकंद पापड, ३० सेकंद सर्व्हर डाउन. हिशेब चोख जुळत होता. आमच्या सगळ्या प्रयोगांत बिनचूक आलेला आकडा हाच.

“म्हणून खोडदला मोबाइल बंद करायला लावले होते ना, सर?”

आदल्या वर्षी विज्ञान दिनाला आम्ही खोडदची रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली आणि आमच्या भागात रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा पसंत केली. आकाशातल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची कुजबुज ऐकायची तर शेजारी कुणी मोबाइलवर ‘हॅलो, हॅलो’ करून चालत नाही. तिथे मी मुलांना तबकड्या दाखवून सांगितलं होतं, “बघा, नुसती तारेची जाळी आहे.” का, ते सांगितलं नव्हतं, कारण मागून बसवाला हॉर्न मारत होता.

आता मुलगी ओव्हनच्या दाराकडे बघत होती. दाराच्या काचेत ती बारीक भोकांची पत्र्याची जाळी असते ना, तिच्याकडे.

“सर, ही जाळी आणि ती जाळी एकच का? ह्या तरंगाची लांबी १२ सेंटिमीटर, भोक एवढुसं, म्हणून तो बाहेर येत नाही. प्रकाशाची लांबी फारच लहान, म्हणून आतला पापड दिसतो. आणि तिकडे तबकडीला भोकं मोठी, पण तरंग त्याहून मोठा, म्हणून जाळीच त्याला आरशासारखी. हो ना?”

हो. शब्दन् शब्द हो. मी २४ वर्षं फळ्यावर जे काढत आलो ते तिने दोन जाळ्यांत आणून ठेवलं. मी सुलभक झालो होतो. दुर्दैवाने त्याच क्षणी केबिनचं दार उघडून मोठ्या बाई बाहेर आल्या.

बाईंनी स्टूल पाहिलं, बंद कूलर पाहिला, पापड चघळणारी नववी ‘ब’ पाहिली.

मी इतिहासाच्या आश्रयाला गेलो. “बाई, जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये असाच जाहीर प्रयोग केला होता. भिंतींपलीकडे तरंग पाठवून घंटा वाजवली, दारूगोळा उडवला. लेफ्टनंट गव्हर्नर स्वतः हजर होते!”

“त्या दिवशी कुणाचे फॉर्म भरायचे होते का?” बाईंनी विचारलं.

ओव्हन बंद झाला. फॉर्म रात्री आठ वाजता पूर्ण झाले. भाऊसाहेब आजही सर्व्हरलाच दोष देतात आणि मी आजही “शेवटच्या दिवशी लोड येतो” असंच म्हणतो. हा लेख त्यांच्या वाचनात न आलेला बरा.

यानंतर मला मोठ्या पिनांची कोणतीही वस्तू शाळेत आणायला बंदी झाली. म्हणून ध्वनीच्या धड्याला मी फक्त मोबाइल वापरला. इतकं निरुपद्रवी साधन असूनही माझी जी शोभा झाली ती ओव्हनच्या वेळी झाली नव्हती.

माणसाला २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी. वटवाघळं वापरतात, सोनोग्राफीवाले वापरतात. पुस्तकात हे एका ओळीत आहे. मी म्हटलं, अनुभवू या. मोबाइलवर हवी ती वारंवारिता वाजवणारं एक अ‍ॅप घेतलं, ते वेणीवालीच्या हातात दिलं (तिच्यावर माझा आता विश्वास बसला होता) आणि नियम सांगितला. सगळ्यांनी डोळे मिटून हात वर करायचा. आवाज येईनासा झाला की हात खाली.

८,००० हर्ट्झ. सगळे हात वर, माझाही. १०,०००. कानात सुई घातल्यासारखा बारीक आवाज. ११,०००. मग ती म्हणाली, “१२,०००,” आणि माझ्यासाठी वर्गात शांतता पसरली. नुसता पंखा.

मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. चाळीसच्या चाळीस हात वर.

इथे मी हात खाली करायला हवा होता. प्रयोगाचा नियम मीच सांगितला होता. पण ५२ वर्षांच्या माणसाने, विज्ञानाच्या शिक्षकाने, चाळीस मुलांसमोर पहिला हात खाली करायचा? मी डोळे घट्ट मिटून घेतले, चेहऱ्यावर एकाग्रता आणली आणि हात वरच ठेवला. “१४,०००.” मी मान हलवली, अगदी स्पष्ट येतंय अशी. “१६,०००.” मी किंचित कपाळाला आठी घातली, त्रास होतोय अशी. मग बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. मला वाटलं, मुलगी फार उंच पट्टीत गेली. मी हात आणखी ताणला.

“सर,” तिचा आवाज आला, अगदी हळू, “मी केव्हाच बंद केलंय.”

डोळे उघडले. वर्गात एकच हात वर होता.

कारण सांगायला सोपं आहे आणि मी ते लगेच, घाईघाईने सांगितलं. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, कर्णावर्त. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. उंच आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दारात, खोल आवाज टिपणाऱ्या आत टोकाला. जो येईल तो आवाज दारातूनच आत जातो, म्हणून उंबऱ्यातल्या पायपुसण्यासारखी दारातली मंडळी आधी झिजतात. वयानुसार होतंच ते. या जोरावर २००५ मध्ये वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या गृहस्थांनी १७,००० हर्ट्झच्या आसपास किरकिरणारं यंत्र काढलं, दुकानांपुढे टवाळक्या करणाऱ्या पोरांना पळवण्यासाठी. मोठ्यांना ते ऐकूच येत नाही. त्यांना २००६ चा शांततेचा इग्नोबेल मिळाला. पण पोरंही वस्ताद, त्यांनी तोच आवाज मोबाइलची रिंगटोन केली. वर्गात वाजली तरी मास्तरांना पत्ता नाही!

हे शेवटचं वाक्य मी का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वर्ग हसला आणि मला वाटलं, हातवाला प्रसंग धुऊन निघाला.

फेब्रुवारीत घटक चाचणी घेतली. पर्याय निवडा, १० प्रश्न. वर्गात अगदी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. अर्थात, टाचणीचा कुठला आवाज मला ऐकू येतो आणि कुठला नाही, हा आता वेगळा प्रश्न आहे. मी समाधानाने फेऱ्या मारत होतो. दारावरून आमच्या नव्या शिक्षणसेवक बाई चालल्या होत्या. वय २३. त्या थबकल्या, आत आल्या.

“सर, काहीतरी चिंचिं वाजतंय.”

“कुठे?”

“इथेच. थांबलं. आता दोनदा वाजलं.”

मी कान टवकारले. पंखा. फक्त पंखा. वर्गातले चाळीस चेहरे इतके निष्पाप होते की तेवढ्यावरूनच मला कळलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा उपकरण म्हणून माणूस वापरला. बाई पुढे, मी मागे, दोन बाकांच्या मधून. त्या थांबल्या की मी थांबायचो. तिसऱ्या रांगेत एका जेवणाच्या पिशवीत, पोळीभाजीच्या डब्याखाली, मोबाइल सापडला. एकदा वाजला तर ‘अ’, दोनदा वाजला तर ‘ब’, तीनदा ‘क’. रचना उत्तम. फक्त उत्तरं ज्याने पाठवली तो अभ्यासात बेताचा होता. त्यामुळे चौथ्या प्रश्नाला चाळीसच्या चाळीस जणांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं. प्रश्न होता, माणसाची श्राव्य मर्यादा किती.

मी नियमाप्रमाणे गुण कापले. मग शिक्षकखोलीत जाऊन मनातल्या मनात परत दिले.

घरची बातमी राहिली. भाच्याचं केळवण फेब्रुवारीतच होतं. बायकोने सकाळी पापडांचा डबा उघडला. त्यात ४२ पापड असायला हवे होते, ११ निघाले. ती पापड मोजून ठेवते हे मला लग्नाच्या २५ वर्षांत माहीत नव्हतं. ऐन वेळी दुकानातून पाकीट आणलं. आणि पंगतीत नणंदेने, सगळ्यांच्या देखत, अगदी गोड आवाजात विचारलं, “वहिनी, यंदा पापड विकतचे?”

यापुढचं भौतिकशास्त्र माझ्या आवाक्यातलं नाही.

चैत्रात मला परातीपुढे बसवण्यात आलं. उडदाचं पीठ, पापडखार, हिंग, मिरी घालून घट्ट भिजवलेला गोळा पाट्यावर ठेवायचा आणि तेलाचा हात लावत बत्त्याने कुटत राहायचा, तो मऊ होईपर्यंत. त्याला दीड तास लागतो. तरंगात माध्यम जागेवरच राहतं आणि ऊर्जा निघून जाते, हे मला त्या दिवशी खांद्यापासून मनगटापर्यंत समजलं.

“सकाळपासून चार वेळा सांगितलं, गच्चीवर चादरी टाकून या म्हणून,” ती लाट्या करता करता म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, वयानुसार वरच्या वारंवारिता ऐकू येत नाहीत. १२,००० च्या वर माझा कान...”

“माझा आवाज कितीचा?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण २४ वर्षं विज्ञान शिकवलंय.

“साधारण २००.”

ती काहीच बोलली नाही. मी मुकाट्याने कुटू लागलो. सवयीने मनात मोजत होतो. मिनिटाला ४५ ठोके. म्हणजे ४५ भागिले ६०. तेही बोलून बसलो.

“पाऊण हर्ट्झ होतंय.”

“एक तरी करा,” ती म्हणाली, “ऊन उतरायच्या आत लाटून व्हायचेत.”